तुमचे प्रश्न: रंगाचं पाणी मातीने स्वच्छ होतं का?

मागच्या अंकात मी खाद्यतेलाबद्दल लिहिताना सहज एक वाक्य टाकलं होतं, की तेल रिफाइन करताना त्याचा पिवळेपणा काढायला ब्लीचिंग अर्थ म्हणजे ॲसिडने धुतलेली एक माती वापरतात, माती रंग ओढून घेते. एवढंच. पण त्यावर पत्रं आली ती सगळी तेलाची नाहीत, कापडाच्या रंगाची आहेत, इचलकरंजी, सोलापूर, शिरोळ, रत्नागिरी, आणि सगळ्यांचा प्रश्न थोड्याफार फरकाने तोच, की मग डाइंगच्या सांडपाण्यातला रंग मातीने का नाही काढत? मी अकरा वर्षं एका प्रोसेस हाऊसच्या (कापड रंगवणाऱ्या कारखान्याच्या) ईटीपी लॅबमध्ये, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटच्या लॅबमध्ये, काढली आहेत, त्यामुळे हा विषय माझ्या जवळचा आहे, आणि म्हणून यावेळी पूर्ण पान याच पत्रांना देतेय.

प्रश्न: ताई, मी अकरावी सायन्सला आहे, इचलकरंजी. विज्ञान प्रदर्शनासाठी प्रोजेक्ट केला, मिथिलीन ब्लूच्या पाण्यात आमच्या शेतातली काळी माती टाकली, ढवळली आणि दहा मिनिटांनी गाळलं तर पाणी एकदम काचेसारखं. सगळे खूश. मग सर म्हणाले खऱ्या प्रोसेसचं पाणी आणून दाखव. शेजारच्या काकांकडून बाटलीभर लाल पाणी आणलं, तीच माती, तेवढंच माप, आणि काहीच झालं नाही, लाल ते लालच. माती गाळली जात नव्हती म्हणून सरांनी तुरटी फिरवायला सांगितली तेव्हा थोडं फिकं झालं. माझं काय चुकलं?

उत्तर: तुझं काहीच चुकलेलं नाही, उलट तू जे बघितलंस तोच या विषयाचा गाभा आहे आणि प्रदर्शनात हाच भाग सगळ्यात पुढे ठेव असं मी म्हणेन.

काळी माती का फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा का पडतात हे तुला माहीत असेलच, तिच्यात माँटमोरिलोनाइट जातीची चिकणमाती असते, पापुद्र्यांवर पापुद्रे, आणि पाणी त्या पापुद्र्यांच्या मधे शिरतं. हे पापुद्रे बनताना सिलिकॉनच्या जागी कुठेकुठे ॲल्युमिनियम बसलेलं असतं, ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम, आणि त्यामुळे पूर्ण पापुद्र्यावर ऋण भार उरतो. तो भार फेडायला मधे सोडियम, कॅल्शियम असे धन भाराचे आयन येऊन बसलेले असतात पण ते पक्के नसतात, त्यांच्यापेक्षा जास्त ओढीचं कुणी आलं की उठतात. मिथिलीन ब्लू हा धन भाराचा रंग आहे, तो आला की यांना उठवून स्वतः बसतो आणि मग सहजासहजी निघत नाही. म्हणून तुझं पहिलं पाणी काचेसारखं झालं. हे इतकं भरवशाचं आहे की सिव्हिलवाले याचाच उलटा वापर करतात, वाळूत चिकणमाती किती आहे हे बघायला ते मिथिलीन ब्लू थोडं थोडं टाकत जातात आणि दर वेळी काडीने एक थेंब फिल्टर पेपरवर ठेवतात, मधे गडद ठिपका आणि भोवती ओलसर पांढरं वर्तुळ दिसतं तोपर्यंत माती अजून रंग घेतेय, ज्या थेंबाभोवती फिकट निळं कडं उमटलं तिथे माती भरली. तू हे घरी करून बघ, तुझ्या मातीची कपॅसिटी तुला आकड्यात मिळेल आणि प्रोजेक्टला वजन येईल.

आता लाल पाणी. इचलकरंजीत मुख्यतः कॉटन चालतं आणि कॉटनवर आज सगळ्यात जास्त चालतात ते रिॲक्टिव्ह रंग, १९५६ साली इंग्लंडच्या आयसीआय कंपनीने पहिल्यांदा बाजारात आणलेले. हे पाण्यात विरघळावेत म्हणून त्यांच्या रेणूला सल्फोनेटचे गट लावलेले असतात, म्हणजे रंगावर ऋण भार. माती ऋण, रंगही ऋण, मग जवळ येणार कशाला? तुझ्या वडिलांना विचार, युरिया टाकल्यावर त्यातलं अमोनियम काळी माती धरून ठेवते आणि नायट्रेट झालं की पाण्याबरोबर खाली निघून जातं हे त्यांना माहीत असेल, ते अगदी हेच आहे. अमोनियम धन, नायट्रेट ऋण. तुझा मिथिलीन ब्लू अमोनियमसारखा वागला आणि काकांचा लाल रंग नायट्रेटसारखा.

आणि तुरटीचं. पाणी फिकं झालं ते मातीने झालं की तुरटीने, हे तुला आत्ता सांगता येणार नाही, कारण तुरटीतून ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा जो कापसासारखा गाळ तयार होतो तो स्वतः रंग धरतो. म्हणून एक तिसरा ग्लास हवा, लाल पाणी आणि फक्त तुरटी, माती नाही. तेवढीच तुरटी, तेवढाच वेळ. हा तिसरा ग्लास ठेवलास तर परीक्षकांच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं टेबलावरच असतील.

मी स्वतः मागच्या आठवड्यात तुझं पत्र वाचून बाल्कनीत चार ग्लास मांडले. रंग बाटिकवाल्या दुकानातला लाल रिॲक्टिव्ह. एकात काळी माती, एकात जांभा दगड खलबत्त्यात कुटून केलेली पूड, एकात तीच पूड आणि वरून दोन चमचे व्हिनेगर, आणि एकात नुसतं व्हिनेगर. सकाळी बघितलं तर काळ्या मातीचा ग्लास तसाच लाल, नुसत्या जांभ्याच्या ग्लासात फरक सांगता येणार नाही इतका कमी, नुसत्या व्हिनेगरचाही तसाच, पण जांभा आणि व्हिनेगरच्या ग्लासात पाणी गुलाबीवर आलेलं आणि तळाची पूड मात्र विटेपेक्षा गडद. पूर्ण स्वच्छ नाही झालं, गुलाबी राहिलंच. याचं कारण खाली रत्नागिरीच्या पत्रात लिहिलंय ते वाच.

प्रश्न: सोलापूरला आमचं सूत रंगवायचं छोटं युनिट आहे, टॉवेलचं सूत. ईटीपीत सध्या चुना, फेरस सल्फेट आणि पॉली (गाळ गोळा करणारं पॉलीइलेक्ट्रोलाइट) वापरतो, खर्च परवडत नाही. एकजण नैसर्गिक मातीची पावडर घेऊन आलाय, म्हणतो केमिकल बंद करा, फक्त ही टाका, रंग शंभर टक्के जाईल, त्याने समोर बाटलीत करून पण दाखवलं. घ्यावी का?

उत्तर: दादा, बाटलीत पाणी कुणाचं होतं? हा पहिला प्रश्न त्याला विचारा. वरच्या पत्रातल्या मुलाने जे बघितलं ते वाचलंत तर लक्षात येईल की बेसिक रंगाचं, म्हणजे मिथिलीन ब्लूसारख्या धन भाराच्या रंगाचं पाणी आणलं तर कुठलीही चांगली बेंटोनाइट माती (माँटमोरिलोनाइटचीच) ते डोळ्यादेखत साफ करते, आणि बेसिक रंग चालतात ॲक्रिलिकच्या धाग्यावर, तुमच्या कॉटन टॉवेलवर नाही. तुमच्याकडे वॅट रंग असतील तर गोष्ट जरा सोपी, कारण ते हवेत ऑक्सिडाइज झाले की पाण्यात विरघळलेले राहत नाहीत, बारीक कण होतात आणि कण खाली बसवणं सोपं असतं. पण रिॲक्टिव्ह असतील, आणि त्यात टर्कॉइज म्हणजे फिरोजी निळा असेल, तर तुम्हाला मी काय सांगणार, टर्कॉइजचं धुणं किती वेळ निळं येत राहतं ते तुम्ही रोज बघताय.

म्हणून त्याला म्हणा, पावडर ठेवून जा. आणि जार टेस्ट तुमच्या स्वतःच्या पाण्यावर करा, इक्वलायझेशन टँकमधलं मिसळलेलं पाणी, त्यातही एक नमुना गडद शेड चालू असलेल्या दिवसाचा. सहा बीकर, सहा डोस, पीएच लिहून ठेवा, आणि अर्ध्या तासाने वरचं पाणी काढून नुसता रंग बघू नका, सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) आणि टीडीएस (विरघळलेले क्षार) पण करून घ्या. हे मी मुद्दाम सांगतेय कारण एका युनिटमध्ये मी डोळ्यांनी बघितलंय, नाव सांगत नाही, तपासणीच्या दिवशी पोत्यांनी माती आणि पीएसी (तुरटीसारखंच काम करणारं पॉली ॲल्युमिनियम क्लोराइड) ओतलं, आउटलेटला पाणी पांढरं स्वच्छ दिसत होतं आणि त्याच पाण्याचा सीओडी लॅबमध्ये जवळजवळ होता तसाच आला. साहजिक आहे, रंग डोळ्याला एक लिटरला एक मिलिग्रॅमपेक्षा कमी असला तरी दिसतो, पण कांजी, वेटिंग एजंट, साबण हे दिसत नाहीत आणि सीओडीचा मोठा वाटा त्यांचाच असतो.

आता हिशोब. समजा दिवसाला १०,००० लिटर पाणी आणि त्यात लिटरमागे १०० मिलिग्रॅम रंग, म्हणजे दिवसाला १ किलो रंग काढायचाय. मातीची कपॅसिटी ग्रॅममागे २० मिलिग्रॅम धरू, तर दिवसाला ५० किलो माती लागेल. वर्षात ३०० दिवस धरले तर १५ टन. आणि ही झाली कोरडी, टँकच्या तळातून निघताना ती ओली निघणार, फिल्टर प्रेस नसेल तर तिप्पट वजनाची. तो माणूस तुम्हाला पोत्याचा भाव सांगेल, पण गाळ कोण उचलणार हे विचारलंत का? कारण रंग गेला म्हणजे संपला नाही, तो पाण्यातून मातीत गेला. २०१६ च्या नियमांप्रमाणे सांडपाणी प्रक्रियेतून निघालेला रासायनिक गाळ घातक कचऱ्यात धरला जातो, तो तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथल्या अधिकृत केंद्रांसारख्या ठिकाणीच जायला हवा, आणि तिथे पैसे वजनावर लागतात. मातीची पावडर वापरली म्हणून तो गाळ शेतात टाकण्यासारखा होत नाही. काही जण म्हणतात विटांमध्ये घालू, भट्टीत रंगाचा रेणू जळतो हे खरं, पण टर्कॉइजमध्ये तांबं असतं आणि काही मेटल कॉम्प्लेक्स रंगांमध्ये क्रोमियम, ते जळत नाहीत, ते विटेत राहतात किंवा राखेत. परवानगीशिवाय हे करूच नका.

मातीवर भार उलटा करायची युक्ती पण आहे, तिला अमोनियम जातीचा सर्फॅक्टंट लावतात, केसांच्या कंडिशनरमध्ये असतो त्याच घराण्यातला, मग पापुद्र्याची बाहेरची बाजू धन होते आणि ती रिॲक्टिव्ह रंग चांगला धरते. तुमच्याकडे आणलेली पावडर अशी असेल तर काम करेलही. पण मग तिला नुसती नैसर्गिक म्हणून विकू नये, आणि तो सर्फॅक्टंट सुटून पाण्यात आला तर माशांना घातक असतो, म्हणून तिचा कागद मागा, तिच्यात काय काय आहे ते लेखी घ्या.

माझं मत विचाराल तर चुना-फेरस लगेच बंद करू नका. जार टेस्टमध्ये नीट उतरली तर मातीचा थोडा डोस फेरसच्या जोडीला देऊन बघा, चिकणमातीच्या वजनाने हलका गाळ लवकर बसतो, फेरस थोडं कमी लागू शकतं. आणि त्याआधी एक स्वस्तातलं काम, रंगवताना रंग सुतावर किती बसतोय ते बघा. रिॲक्टिव्हमध्ये रंगाचा काही भाग सुताऐवजी पाण्याशीच रिॲक्ट होतो आणि कायमचा फुकट जातो, शेड आणि पद्धतीप्रमाणे हे १० टक्क्यांपासून ४० टक्क्यांपर्यंत जातं. तुमचा कारागीर सोडा ॲश एकदम ओततो की थोडा थोडा देतो? तापमान काट्यावर बघतो की हात घालून? तिथे पाच टक्के वाचले तर ते ईटीपीत काढावेच लागत नाहीत, शिवाय रंगाचे पैसे वाचतात.

प्रश्न: नाशिकहून. आमच्या भागातल्या खाणींमध्ये झिओलाइटचे सुंदर स्फटिक मिळतात, स्टिल्बाइट, ह्युलँडाइट. झिओलाइट पाणी शुद्ध करतं असं वाचलं. ते रंगाला चालेल का?

उत्तर: फारसं नाही. झिओलाइटची ताकद त्याच्या आतल्या बारीक भोकांमध्ये असते आणि रंगाचे रेणू त्या मानाने इतके मोठे असतात की आत जातच नाहीत, फक्त बाहेरच्या पृष्ठभागावर थोडे चिकटतात. सांडपाण्यातला अमोनिया काढायला मात्र काही झिओलाइट उत्तम. आणि ते स्फटिक कुटू नका हो, दख्खनच्या बसाल्टमधल्या या स्फटिकांसाठी जगभरचे संग्राहक वाट बघतात.

प्रश्न: शिरोळ तालुक्यात आमची शेती आहे. नाल्याला पूर्वी रंगीत पाणी यायचं, आता काही महिने बऱ्यापैकी बिनरंगाचं येतंय. उसाला उचललं तर चालेल का? शेतातली माती उरलासुरला रंग धरेलच ना?

उत्तर: काका, कृपा करून टेस्ट केल्याशिवाय उचलू नका. रंगापेक्षा तुमच्या शेताला मोठा धोका मिठाचा आहे. रिॲक्टिव्ह रंग सुताकडे ढकलायला बाथमध्ये मीठ किंवा ग्लॉबर सॉल्ट (सोडियम सल्फेट) टाकतात, गडद शेडला लिटरमागे ६०, ८० ग्रॅमसुद्धा, मग वर सोडा ॲश. हा सगळा सोडियम कापडावर राहत नाही, पाण्यातच जातो आणि चुना, फेरस, माती, कोळसा यातल्या कशानेही निघत नाही. पाणी दिसायला नितळ आणि आत खारं.

ते काळ्या रानात गेलं की तुमच्या मातीच्या त्याच पापुद्र्यांवर, ज्यांच्याबद्दल वर लिहिलं, कॅल्शियम उठून सोडियम बसतो. जमीन चोपण होते, ओली असताना साबणासारखी, वाळली की दगड, पाणी मुरत नाही. क्षारपड जमीन म्हणजे काय ते शिरोळच्या माणसाला मी सांगायला नको, तुमच्याकडे ती जास्त पाणी देऊन झाली, हे त्यात भर घालेल. तमिळनाडूत तिरुपूरला हेच झालं, नोय्यल नदीवरच्या ओराथुपालयम धरणात डाइंगचं पाणी साठत गेलं आणि शेतीला पाणी द्यायला बांधलेलं धरण शेतीच्या कामाचं राहिलं नाही, शेवटी जानेवारी २०११ मध्ये मद्रास हायकोर्टाने तिथली डाइंग युनिट्स बंद करायचा आदेश दिला, मग आरओ आणि इव्हॅपोरेटर लावून पाणी बाहेर न सोडण्याच्या अटीवरच ती हळूहळू सुरू झाली.

नाल्याचं पाणी स्वच्छ बाटलीत, काठोकाठ भरून, माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेत द्या आणि ईसी (पाण्याचा खारेपणा), सोडियम, एसएआर (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या मानाने सोडियम किती), आरएससी (उरलेला कार्बोनेट) हे चारही मागा. नुसता पीएच करून आणू नका. आणि एकदाच नाही, सोमवारी आणि शुक्रवारी, सकाळी आणि रात्री असे वेगवेगळे नमुने द्या, नाल्याचं पाणी दर तासाला बदलतं. आकडे आले की मला कळवा, तोपर्यंत मोटर चालू करू नका.

प्रश्न: मी रत्नागिरीजवळ घरीच बाटिक आणि टाय-डाय करते, महिन्याला वीसेक ओढण्या. रंगाचं पाणी परसात जांभ्याच्या खड्ड्यात ओतते. कुणीतरी म्हणालं जांभा रंग शोषून घेतो म्हणून. विहीर पंधरा-वीस पावलांवर आहे. बरोबर करतेय ना?

उत्तर: ताई, आजपासून तिथे ओतणं थांबवा, मग बाकीचं बोलू.

जांभा रंग धरतो हे खरं आहे, आणि ते का तेही छान आहे. काळ्या मातीत पापुद्रे, तर जांभ्यात लोखंडाचे आणि ॲल्युमिनियमचे ऑक्साइड, त्याचा लाल-पिवळा रंग त्यांचाच. बुकॅनन नावाचा इंग्रजांचा सर्वेक्षक मलबारात हिंडत असताना त्याने बघितलं की लोक हा दगड ओला असताना कापतात आणि हवेत वाळला की विटेसारखा कडक होतो, म्हणून १८०७ मध्ये त्याने लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याला लॅटराइट म्हटलं, तो आपला चिरा. या ऑक्साइडच्या पृष्ठभागाचा भार पाण्याच्या पीएचप्रमाणे बदलतो, आंबट पाण्यात धन आणि अल्कली पाण्यात ऋण. म्हणून माझ्या ग्लासात व्हिनेगर घातल्यावरच त्याने लाल रंग धरला. आता तुमचं पाणी बघा, तुम्ही रंग पक्का व्हायला सोडा घालता, म्हणजे पीएच १०-११, म्हणजे तुमच्या खड्ड्यातला जांभा रंगाला धरत नाही, उलट दूर ढकलतो. आणि जांभा चाळणीसारखा सच्छिद्र, पावसात त्यातून पाणी कसं धावतं ते तुम्ही बघितलंय, पंधरा पावलांवरच्या विहिरीत ते जाणारच.

वीस ओढण्यांसाठी हे करा. पहिलं गडद पाणी आणि पहिली दोन धुणी वेगळ्या ड्रममध्ये काढा, रंग बहुतेक त्यातच असतो. दुसऱ्या धुण्याचं पाणी पुढच्या बॅचच्या पहिल्या धुण्याला वापरा. ड्रममधल्या पाण्यात व्हिनेगर थोडं थोडं घाला, सोड्यामुळे फसफसेल, ड्रम अर्धाच भरलेला असू दे, आणि लिटमस पेपर लाल होईपर्यंत घालत राहा. मग कुटून, धुऊन, चाळलेली जांभ्याची पूड टाका, दहा लिटरला किलोभर घेऊन सुरुवात करा, दिवसातून चार-पाच वेळा ढवळा आणि रात्रभर ठेवा. वरचं पाणी फिकं होईल, रंग थोडा राहील. ते उथळ ट्रेमध्ये, तळाला काळं प्लॅस्टिक घालून, गच्चीवर उन्हात आटवा. पावसाळ्यात हे जमणार नाही, तेव्हा गडद शेड घेऊच नका किंवा ड्रम झाकून ठेवा.

तळाची लाल पूड आणि ट्रेमधली खरवड वाळवून जाड पिशवीत बांधा, वर लिहून ठेवा काय आहे ते, कुंडीत किंवा माडाच्या आळ्यात टाकू नका. वर्षाची मिळून दोन-चार बादल्या होईल. नगरपालिकेत घरगुती घातक कचरा वेगळा घेतात का विचारा, आणि तुमच्या ओळखीत अजून तीन-चार जणी हेच काम करत असतील तर सगळ्यांचं एकत्र करून द्या. आणि हो, रंगाची पूड मोजताना तोंडाला मास्क लावा, रिॲक्टिव्ह रंगांची धूळ छातीत गेली की काहींना पुढे कायमचा दम्यासारखा त्रास सुरू होतो. आधी मास्क आणा, व्हिनेगर उद्या आणलं तरी चालेल.